डॉक्टर नेरूरकरांचं सोवळं

आमचे डॉक्टर नेरूरकर घोड्यांना अहो-जाहो करायचे.

गंमत म्हणून नव्हे, अगदी मनापासून. "जरा इकडे सरता का? हां, बस. आता थोडं दुखेल," असं म्हणून ते घोड्याच्या मानेत सुई टोचत. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी तबेल्याच्या दारात उभी होते. "आपण जरा मागे व्हा," असं ऐकू आलं आणि मी मुकाट्याने दोन पावलं मागे सरले. डॉक्टरांनी वळून पाहिलं.

"तुम्हाला नाही, बाई. त्यांना म्हटलं."

'ते' म्हणजे सात नंबरचा घोडा. तो जागचा हलला नव्हता.

ही परळची गोष्ट. तिथल्या एका प्रयोगशाळेत घटसर्पावरचं सीरम तयार व्हायचं. घटसर्पाचं विष घोड्याला थोडं थोडं टोचत जायचं, त्याच्या रक्तात उतारा तयार झाला की रक्त काढायचं आणि त्यातलं सीरम गाळून बाटल्यांत भरायचं. गळा धरलेल्या पोराला ती एक बाटली मिळाली की पोर वाचायचं. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. आम्ही भोईवाड्यात राहायचो, वडील गिरणीत होते. कॉलेजात असताना माझा देवावरचा विश्वास गेला होता, आणि तो गेल्याचा मला थोडा अभिमानही होता. विज्ञानाच्या घरात चालले आहे, तिथे सगळे आपल्यासारखेच असतील, अशा समजुतीने मी गेले आणि पडले डॉक्टर नेरूरकरांच्या हाताखाली.

डॉक्टर पन्नाशीचे होते. किरकोळ अंगाचे, धोतरावर पांढरा कोट घालणारे. शेंडी टोपीखाली नीट दडपलेली, कारण केसातून जंतू पडतात. कपाळाला गंध असे, पण ते आधी उकळलेल्या पाण्यात उगाळलेलं. देवघरातल्या सवयी त्यांनी प्रयोगशाळेत आणल्या होत्या आणि प्रयोगशाळेतल्या देवघरात नेल्या होत्या. आता कुठली सवय मूळची कुठली होती हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

एकदा त्यांनी आम्हाला दादरच्या बिऱ्हाडी सत्यनारायणाला बोलावलं. दोन खोल्या, त्यात ते एकटे. बायको लग्नानंतर चार वर्षांतच गेली होती, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. पूजा यथासांग झाली. अभिषेकाच्या पाण्यात मध्येच थर्मामीटर बुडवून पाहिलं गेलं. तुळशीची पानं जांभळ्या औषधी पाण्यातून काढलेली होती. तीर्थ त्यांनी काचेच्या नळीने मोजून प्रत्येकाच्या हातावर सोडलं, आणि प्रसादाचा शिरा आला तो जंतू वाढवायच्या काचेच्या बशांतून, झाकण लावून, वर तारखेची चिठ्ठी चिकटवून. आमच्या हेडक्लार्कने बशी हातात घेऊन बराच वेळ उजेडात धरली.

"नव्या आहेत," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे धोका नाही ना?"

"तसं म्हणता यायचं नाही. पण मी खाल्ला आहे."

'तसं म्हणता यायचं नाही' हे त्यांचं पालुपद. आज फार उकडतंय नाही का, असं कुणी सहज म्हटलं तरी ते थबकून म्हणत, "तसं म्हणता यायचं नाही. काल जास्त होतं." चहा चांगला झालाय म्हटलं तरी तेच. एकदाच मी त्यांच्या तोंडून सरळ उत्तर ऐकलं. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते, लालबाग-परळच्या नाक्यानाक्यावर सभा चालत. तबेल्याचा मुख्य नोकर सखाराम लालबागचा, मूळचा मालवणकडचा. त्याने घोड्याला खरारा करता करता विचारलं, "डॉक्टरसायब, मुंबय आपली होतली मां?"

"होणार," डॉक्टर म्हणाले. सखारामाचा हातच थांबला.

प्रयोगशाळेत एक खोली होती, जिथे सीरम गाळून बाटल्यांत भरत. तिथे एक जंतू शिरला तरी सगळं फुकट. डॉक्टर तिला सोवळ्याची खोली म्हणत. दारावर पाटीही तीच. आत जायचं तर दहा मिनिटं कोपरापर्यंत हात घासायचे, उकळून वाळवलेला झगा चढवायचा, तोंडाला फडकं बांधायचं, आणि मग कशालाही शिवायचं नाही. आमचे सुपरिंटेंडेंट डॉक्टर कर्णिक विलायतेहून शिकून आलेले, पाइप ओढणारे. ते एकदा तसेच आत निघाले, तर नेरूरकर दारात आडवे उभे राहिले.

"साहेब, आपण ओवळे आहात."

"मी?"

"मनगटी घड्याळ आहे. पाइपही ओढला आहे."

कर्णिक साहेब परत गेले. त्याच दारातून सीरम भरणारा आमचा गायकवाड मात्र रोज आत जायचा. वरळीच्या बीडीडी चाळीत राहणारा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. हात घासण्यात त्याच्या तोडीचा माणूस आमच्याकडे नव्हता. "आत्ता या इमारतीत सोवळ्यात एकटे गायकवाड आहेत," असं डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणत. हेडक्लार्कचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होई.

गायकवाडला मात्र ते आवडत नव्हतं. एके दिवशी त्याने हात पुसता पुसता विषय काढला.

"डॉक्टर, एक बोलू? तो शब्द तेवढा नको."

"कुठला?"

"सोवळं. माझ्या आज्याला गावात ह्याच शब्दानं दाराबाहेर उभा करायचे. तुम्ही ह्याच शब्दानं मला आत घेता, ते कळतं मला. पण कानाला तो तसाच लागतो."

मला वाटलं आता पालुपद येणार. ते आलं नाही. दुसऱ्या दिवशी दारावर त्यांच्याच अक्षरात नवी पाटी होती, 'निर्जंतुक खोली'. पाटी बदलली तरी जीभ थोडीच बदलते. "सो... निर्जंतुक झालात का?" असं ते विचारू लागले. महिन्याभरात आमचा सगळा विभाग त्या खोलीला 'सोनिर्जंतुक' म्हणायला लागला. गायकवाडसुद्धा म्हणायचा, आणि म्हणताना हसायचा.

सीरमची नवी खेप काढायच्या दिवशी डॉक्टर तबेल्याच्या दाराशी नारळ फोडत. कर्णिक साहेबांनी ते बंद केलं. नारळाच्या पाण्यावर माशा येतात, असं कारण लेखी दिलं. चहाच्या वेळी मी मुद्दाम विचारलं, "डॉक्टर, साहेबांचं बरोबर आहे?"

"तसं म्हणता येईल," ते म्हणाले. "माशा येतात खऱ्या." आणि नारळ बंद झाला.

पुढचीच खेप बिघडली. चौथ्या दिवशी बाटल्या उजेडात धरल्या तर सगळ्या गढूळ. दोन महिन्यांची मेहनत ओतून द्यावी लागली. त्या आठवड्यात सीरमसाठी इस्पितळातून दोनदा माणूस आला आणि दोन्ही वेळा आम्ही त्याला मोजक्याच बाटल्या दिल्या.

सखाराम म्हणाला, "नारळ फोडूक नाय, म्हणान झाला ह्या." त्याचं म्हणणं निदान निरुपद्रवी होतं. कचेरीत दुसरीच कुजबूज सुरू झाली. हेडक्लार्क नारळाचं नाव घेत नव्हता. तो एवढंच म्हणत होता, "आत कोण होतं ते बघा." आत गायकवाड होता. दोन दिवसांत कागद निघाला, चौकशी होईपर्यंत गायकवाडने बाटल्या धुण्याच्या विभागात काम करावं. गायकवाडने कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि झगा खुंटीला टांगला.

डॉक्टर कर्णिक साहेबांकडे गेले. "तीन दिवस द्या," एवढंच म्हणाले.

ते तीन दिवस त्यांनी खोलीतली एकेक वस्तू तपासली. झगे, बुचं, बाटल्या, हवा. गायकवाडच्या हातांचीही परीक्षा घेतली. त्याच्या बोटांचे ठसे काचेच्या बशीत घेतले, शेजारी स्वतःच्या बोटांचे घेतले आणि माझ्याही. दोन दिवसांनी गायकवाडची बशी स्वच्छ होती, डॉक्टरांच्या बशीत जंतूंचा एक ठिपका होता आणि माझ्या बशीबद्दल मी काही सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. सीरम गाळायची चिनी मातीची पोकळ नळी त्यांनी पाण्याच्या भांड्यात बुडवली आणि तिच्यात पंपाने हवा भरायला लागले. आम्ही सगळे वाकून बघत होतो. बराच वेळ काही झालं नाही. मग नळीच्या बुडाशी एक बुडबुडा आला. त्याच जागी दुसरा आला. मग ओळच लागली.

"चीर आहे," डॉक्टर म्हणाले. "केसाएवढी. जंतू ह्या दारानं आत आला." मग हेडक्लार्ककडे वळून म्हणाले, "आत कोण होतं, ते आता कळलं."

गायकवाडने खुंटीवरचा झगा काढून उकळायला टाकला.

संध्याकाळी कर्णिक साहेब आमच्या विभागात आले. जरा घुटमळले. "नेरूरकर, लोकांच्या मनात आहे, तर तो नारळ... फोडायला हरकत नाही."

"फोडीन साहेब. पण नळीला चीर होती. नारळाचा तिच्याशी संबंध नाही, एवढं फायलीवर असू द्या."

साहेब गेल्यावर मी विचारलं, "संबंध नाही, तर मग फोडता कशाला?"

"ते वेगळं आहे," म्हणाले आणि टोपी नीट करत निघून गेले. मला हे उत्तर अजिबात पटलं नाही. चीर शोधणारा माणूस नारळ कसा फोडतो, हे कोडं मला सुटत नव्हतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी मुंबई वेगळी ठेवणार अशी बातमी रेडिओवर आली आणि सगळा गिरणगाव रस्त्यावर उतरला. ट्राम बंद, गिरण्या बंद. नाक्यावर पोलीस, मग गोळीबार, मग संचारबंदी. माझा धाकटा भाऊ दोन दिवस घरी आला नव्हता आणि आई दारातून हलत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या भागातली संचारबंदी संध्याकाळपर्यंत उठली. प्रयोगशाळा आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. जंतूंच्या नळ्यांकडे कुणी पाहिलं नसेल म्हणून मी गेले.

तबेल्यात डॉक्टर होते. धोतराचा काचा मारलेला, हातात चाऱ्याचा भारा. दादरहून गल्लीबोळांतून पहाटेच चालत आले होते. सखाराम लालबागला अडकला होता. घोड्यांना दीड दिवस कुणी नीट चारा-पाणी दिलं नव्हतं, आणि एकोणीस नंबरच्या पोटात कळ उठली होती. तो खाली बसायचा, लोळायला बघायचा, परत उठायचा. त्याचं अंग घामाने भिजलं होतं.

"लोळू द्यायचं नाही त्यांना," डॉक्टर म्हणाले. "लोळले तर आतडं पिळवटतं. चालवत ठेवायला हवं."

घोड्यांच्या डॉक्टरला फोन लावला. ते भायखळ्याच्या पलीकडे होते, येणं शक्य नव्हतं. मग आम्ही दोघांनी आळीपाळीने एकोणीस नंबरला आवारात चालवलं. एक फेरी ते, एक फेरी मी. भिंतीपलीकडे मध्येच घोषणा ऐकू येत, मध्येच एकदम शांत होई. "थोडं आणखी चला," डॉक्टर त्याच्या कानाशी म्हणत होते. "त्या झाडापर्यंत. मग थांबू." झाड आलं की पुढचं झाड दाखवत.

दुपारी तीनच्या सुमारास तो बसला आणि परत उठला नाही.

डॉक्टर त्याच्याजवळ उपड्या बादलीवर बसले. मी भिंतीला टेकून उभी होते. भाऊ कुठे आहे ठाऊक नव्हतं, हात दोराने सोलले होते, आणि मला एकदम राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही.

"डॉक्टर, इतकी पूजा करता तुम्ही. काय उपयोग झाला?"

माझा आवाज चढला होता. ते शांतपणे म्हणाले, "कुमुदबाई, खरं सांगू? पंचवीस वर्षं रोज हाक मारतो. एकदाही ओ आलेली नाही. पूजा करताना समोर कुणी आहे असं मला एकदाही जाणवलेलं नाही. लोकांना जाणवतं म्हणतात. मला नाही."

आमच्या अख्ख्या प्रयोगशाळेत सगळ्यांत देवभोळा म्हणून ज्यांना हसत होतो, ते हे सांगत होते.

"मग करता कशाला?"

त्यांनी घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. सुयांनी तिथली कातडी जाड झाली होती.

"अकरा वर्षं टोचलं मी ह्यांना. विचारून टोचलं नाही. किती पोरं वाचली असतील. उद्या दुसऱ्याला टोचीन, त्यात काही चूक केली असं मला वाटत नाही. पण माफी मागायची राहते ना? पोरांच्या आया येऊन माझ्या पाया पडतात. ह्यांच्यापुढे कुणी येत नाही. मग ह्यांची माफी मागायची कुणाकडे? कर्णिक साहेबांकडे?" मग ते म्हणाले, "देवाकडे मागायचं काही नाही हो मला. पण ही गोष्ट सांगायला कुणीतरी हवं. आहे की नाही, ते मला ठाऊक नाही. नसेल तर माझं बोलणं वाया गेलं, एवढंच. पण असलं, आणि मी बोललोच नाही, तर?"

संध्याकाळच्या आत मला घरी जाणं भाग होतं. ते फाटकापर्यंत पोचवायला आले. भाऊ त्या दिवशी सुखरूप घरी आला. आईने देवापुढे साखर ठेवली. मी नेहमीसारखी हसले नाही.

त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला डॉक्टरांनी अर्धा दिवस रजा टाकली, पण घरी गेले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मी तबेल्यामागे गेले, तर ते उघड्या अंगाने उन्हात उभे. समोर केळीच्या पानावर भाताचे गोळे, बाजूला भिजवलेले हरभरे, गूळ आणि मूठभर हिरवं गवत. मला पाहून ते ओशाळले.

"दर वर्षी करता?"

"हो. सगळ्यांचं एकत्रच. उंदीर, ससे, गिनीपिग... सगळ्यांची नावनिशी कुठे असते?"

कावळे भिंतीवर बसले होते, पण एकही खाली उतरेना. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. माझ्या डोक्याला ऊन लागत होतं, तरी मला तिथून निघवेना.

"काहीतरी राहिलंय त्यांचं," डॉक्टर पुटपुटले. मग हात जोडून म्हणाले, "एकोणीस नंबर, वीस नंबरांची काळजी करू नका. त्यांना मी मोकळं करतो."

वीस नंबर हा एकोणीसच्या शेजारच्या ठाणावरचा घोडा. दोघं अकरा वर्षं शेजारी होते. एकोणीस गेल्यावर वीसने आठ दिवस चाऱ्याला नीट तोंड लावलं नव्हतं आणि अजूनही रिकाम्या ठाणाकडे तोंड करून उभा राहायचा.

कावळा खाली आला. पानाभोवती दोन उड्या मारल्या आणि गोळ्याला चोच लावली.

मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "भुकेला असेल. सव्वा वाजला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अर्ज टाइप करायला दिला. 'वीस नंबरच्या घोड्यास कामातून मुक्त करावं. त्याच्या जागी दोन नवे घोडे मी स्वतः तयार करून देईन.' कारणाच्या रकान्यात त्यांच्या अक्षरात तीनच शब्द होते, 'शब्द दिला आहे'.

"डॉक्टर, हे असंच टाइप करू? वय झालं, असं लिहिलं तर?"

"वय झालेलं नाही. खोटं कशाला लिहायचं?"

अर्ज घेऊन आम्ही दोघं साहेबांच्या खोलीत गेलो. कर्णिक साहेबांनी तो वाचला. पाइप खाली ठेवला आणि परत वाचला.

"वीस नंबर? सगळ्यांत चांगलं सीरम त्याचं निघतं, नेरूरकर."

"हो साहेब."

"शब्द दिलाय म्हणजे? कुणाला?"

"एकोणीस नंबरांना."

"तो तर जानेवारीत मेला."

"हो," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तर परत घेता येत नाही."

मला वाटलं, आता साहेब हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी पेन उघडलं, सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागद हातातच धरून ठेवला.